मशीनची सीट

आमच्या व्हॅनच्या दारात धान उगवलं होतं, ही गोष्ट माझा भाऊ पुण्यात आपल्या मित्रांना रंगवून सांगतो. ऐकणारे पोट धरून हसतात. त्याच्या गोष्टीत बाबा असतात, भुसा असतो, पाऊस असतो. आई कुठेच नसते. तो तेव्हा इथे नव्हता, त्यामुळे त्याला फार बोल लावता येत नाही. मी होते, म्हणून मी माझ्या पद्धतीने सांगते.

दवनीवाड्याला बाबांचं बिछायत केंद्र होतं. लग्नाला, तेरवीला, सभेला लागणारा मंडप, दऱ्या, खुर्च्या, कनाती, मोठी भांडी असं सगळं भाड्याने द्यायचं, आणि त्यासोबत लाउडस्पीकर. बाबांचा जीव त्या लाउडस्पीकरात होता. कुणी खुर्ची मोडून आणली तर ते नुसतं बघायचे. पण भोंग्याला पोचा पडलेला दिसला की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत. आजूबाजूच्या गावांमध्ये त्यांच्या आवाजाचं नाव होतं. त्यांच्या आवाजाचं म्हणजे त्यांच्या भोंग्यांच्या आवाजाचं. स्वतः ते फारसे बोलत नसत.

व्हॅन घेतली तेव्हा मी शाळेत होते. पहिल्या दिवसापासून बाबांच्या शेजारची सीट मशीनची झाली. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. ते जुन्या गोधडीत गुंडाळून, दोरीने सीटला बांधून ठेवलेलं असायचं. मागे ठेवलं तर हादरे बसतात, आतले सोल्डर सुटतात, असं बाबांचं म्हणणं. माणसाचे सोल्डर सुटत नसल्यामुळे माणसं मागे बसायची. आई माहेरी निघाली तरी मागे, दवाखान्यात निघाली तरी मागे, कनातींच्या गठ्ठ्यावर, एका हाताने बांबू धरून. मशीन उतरवलं की पुन्हा चढवावं लागतं, म्हणून कार्यक्रम नसला तरी ते जागेवरून हलायचं नाही. आईने याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरात तक्रारीचा मक्ता माझ्याकडे होता.

मग गावोगावी डीजे आले. लोकांना भोंगे नकोसे झाले. छाती हादरवणारे काळे डबे पाहिजे झाले, आणि तसले डबे आणायला बाबांनी साफ नकार दिला. बिछायतीचं सामान हळूहळू विकलं गेलं. मशीन तेवढं त्यांनी ठेवलं, पण गाडीतून उतरवून घरातल्या फळीवर. त्यानंतरच्या एका रविवारी बाबा काही कामाने निघाले होते. आईने कुणाला न विचारता समोरचं दार उघडलं आणि ती त्या सीटवर जाऊन बसली. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली.

तेव्हापासून दर रविवारी ते दोघं चोरखमाऱ्याच्या तलावावर जायला लागले. तिरोड्यावरून जायचं, तलावाच्या पाळीजवळ पाण्याकडे तोंड करून गाडी उभी करायची, डब्यातले मुरमुरे खायचे, अंधार पडायच्या आत परत यायचं. बस, एवढंच. तिथे काय करता म्हणून मी एकदा आईला विचारलं, तर म्हणाली की काही नाही, पाणी पाहतो. सुरुवातीला ती सीटवर अंग चोरून बसायची. पाय मोकळे सोडून बसायला तिला बरेच महिने लागले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

गेल्या वर्षी बाबांनी व्हॅन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात घातली. समोरून सायकलवाला आला, बाबांनी चाक वळवलं, आणि गाडी रस्त्याच्या कडेने सावकाश धानाच्या चिखलात उतरली. कुणाला खरचटलंही नाही. पण भावाने पुण्याहून फोनवर निकाल दिला की आता बाबांनी गाडी चालवायची नाही, व्हॅन विकून टाका. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी तिन्हीसांजेला त्यांना अंदाज येत नव्हता. भावाचं म्हणणं मला पटलं. मी गोंदियाला शाळेत शिकवते, गावापासून जवळ आहे, तेव्हा गिऱ्हाईक शोधायचं काम माझ्याकडे आलं.

बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "विक ना. मी कायले नाही म्हणतो?"

आई तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढून बाजूला टाकला.

पुढच्या सुट्टीत मी घरी गेले तर अंगणात व्हॅनची दोन्ही दारं उघडी, दारांच्या आतले पुठ्ठे काढून भिंतीला टेकवून ठेवलेले, आणि बाबा पेचकस घेऊन स्टुलावर बसलेले. दारांमधले कंपनीचे स्पीकर त्यांनी काढले होते. तळहाताएवढे, कागद फाटलेले. इतक्या वर्षांत ते कधी वाजलेले मी ऐकले नव्हते. टपावर दोन भोंगे घेऊन फिरणाऱ्या माणसाने दारातल्या स्पीकरकडे कशाला बघावं? आता मात्र ते बसने गोंदियाला जाऊन दोन नवीन, चांगले मोठे स्पीकर घेऊन आले होते. मी विचारलं की विकायच्या गाडीवर हा खर्च कशासाठी. त्यांनी शांतपणे सांगितलं की गिऱ्हाईक गाडीत बसलं की पहिले गाणं लावून पाहतं, आवाज चांगला असला की गाडी चांगली वाटते.

मला काही हे खरं वाटलं नाही. आमच्या घरात कुणी 'नको' म्हणत नाही. नको असलं की काहीतरी दुरुस्त करायला काढतात. व्हॅन गेली म्हणजे त्यांचा रविवार जाणार होता. बस बदलत बदलत नुसतं पाणी पाहायला तलावावर कोणते म्हातारा-म्हातारी जातात? हे मला दिसत होतं, भावाला मी ते फोनवर सांगितलंही. तो म्हणाला की अगं, पण जीव महत्त्वाचा. तेही खरंच होतं, म्हणून मी गिऱ्हाईक शोधत राहिले आणि बाबा स्पीकर बसवत राहिले.

ते काम बघण्यासारखं होतं, हे कबूल केलं पाहिजे. नवीन स्पीकर जुन्या भोकात मावत नव्हता, तेव्हा त्यांनी खडूने गोल आखून पत्रा कापला आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत केली. वायर जोडण्याआधी त्यांनी घड्याळातला सेल काढून स्पीकरच्या टोकांना टेकवला. पडदा बाहेर आला की ही बाजू प्लस, आत गेला की उलट. दोन स्पीकर एकमेकांच्या उलट जोडले तर एकमेकांचा आवाज खातात, असं त्यांनी मला समजावलं. इथवर सगळं बरोबर होतं.

त्यानंतर ते गिरणीतून धानाचा भुसा घेऊन आले. पूर्वी ते स्पीकरचे लाकडी डबे स्वतः बनवायचे, तेव्हा डब्यात भुशाच्या पिशव्या कोंबायचे. त्याने आवाज गोल होतो, पत्र्यासारखा वाजत नाही. गाडीचं दार म्हणजे त्यांच्या लेखी उभा डबाच. आई उंबऱ्यावर बसून जुन्या मंडपाच्या गुलाबी-पिवळ्या कापडाच्या पिशव्या शिवत होती. तिला हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या पिशव्या दारात भरल्यावर काच अर्धीच खाली यायला लागली. मी ते दाखवलं, तर बाबा म्हणाले की पूर्ण काच कोणाला पाहिजे.

दाराच्या खालच्या कडेला कंपनीने लहान लहान भोकं ठेवलेली होती. ती त्यांनी पुटीने बुजवली. डब्याला भोक राहिलं की आवाज गळतो, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. मला गाड्यांमधलं काही कळत नाही, म्हणून मीही काही बोलले नाही.

पुठ्ठे परत बसले आणि चाचणीची वेळ आली. बाबांनी आईला समोरच्या सीटवर बसवलं, गाडीच्या टेपवर भजन लावलं, आवाज वाढवला, दारं सताड उघडी ठेवली आणि स्वतः अंगणाबाहेर चालू लागले. हातपंप ओलांडला, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाभळीखाली जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी मला हाताने खुणा करायला सुरुवात केली: आणखी वाढव, थोडा कमी, बस. मंडपातला आवाज शेवटच्या ओळीतून ऐकायचा असतो, मशीनजवळ बसून नाही. आयुष्यभर ते असेच दूर जाऊन आवाज तपासत आले होते. इकडे आई दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती.

मी हसत सुटले. मग रस्त्यापलीकडे जाऊन त्यांना सांगितलं की बाबा, हे दारातले स्पीकर आहेत, आत बसून ऐकायचे असतात. ते थोडे वरमले. परत येऊन आईशेजारी आपल्या जागेवर बसले, आवाज कमी केला, दारं ओढून घेतली आणि काचा वर केल्या. बाहेर मला काहीच ऐकू येईना. आत दोघंही समोर बघत बसलेली दिसत होती, समोर खरं म्हणजे आमच्या गोठ्याची भिंत होती. भजन संपलं असेल, दुसरं लागलं असेल, तरी ती उतरली नाहीत. शेवटी बाबांनी दार उघडलं आणि इतकंच म्हणाले, "असं राहते काय."

मग पाऊस लागला, तो बरेच दिवस थांबला नाही. शेतांत धानाच्या रोवणीची धांदल होती. व्हॅन अंगणात उभी होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रस्त्यांवर चिखल, त्यामुळे रविवारही घरातच गेले.

उघडीप पडली तशी मी गिऱ्हाईक घेऊन गेले. गोंदियाच्या बाजारात भाजीचा धंदा करणारा माणूस होता, हिंदी बोलणारा, व्यवहाराला सरळ. मी शाळेतून अर्धी रजा टाकली होती. तो मोटरसायकलवरून उतरला, गाडीला एक चक्कर मारली आणि डाव्या दारापाशी थांबला. तिथे काचेच्या रबरातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर उंचीची फिकट हिरवी पाती वर आली होती. धानाचे पऱ्हे, रोवणीआधीची कोवळी रोपं. कुणी मुद्दाम ओळीत टाकल्यासारखे.

"काकाजी," तो म्हणाला, "आप लोग दरवाज़े में भी खेती करते हो क्या?"

बाबा वाकून बघायला लागले. काचेवरून ओघळलेलं पाणी दारात शिरलं होतं आणि बाहेर जायच्या वाटा आम्हीच बुजवल्या होत्या. गावच्या गिरणीच्या भुशात न सोललेले दाणे राहतातच, ते भिजले आणि उगवले. दार उघडलं तर आत पाणी डचमळलं, आंबल्यासारखा वास आला. बाबांनी स्पीकर लावून पाहिला. उजवा ठीक वाजला, डावा नुसता खरखरला. मला भयंकर लाज वाटली, आणि रागही आला, सगळ्यांचाच. त्या गिऱ्हाइकासाठी मी महिनाभर फोन केले होते.

पण माणूस मागे हटला नाही. त्याने इंजिन सुरू करून ऐकलं, खाली वाकून पाहिलं, टायर दाबले. त्याला गाडी पसंत होती. दारं साफ करून घेऊ, म्हणाला. आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो मला आपला बेत सांगत होता. स्पीकरची त्याला गरज नव्हती. मागे तर क्रेटच भरायचे होते, आणि ड्रायव्हरशेजारची सीटही काढली तर आणखी चार-पाच क्रेट बसणार होते. वांगी, टमाटर, जे असेल ते.

आईने चहाचा ट्रे बाबांच्या हातात दिला. पदराला हात पुसले. मग तिने डावं दार उघडलं, आत बसली आणि दार लावून घेतलं. काचेपाशी पऱ्हे हलले.

गिऱ्हाइकाला वाटलं तिला काही दाखवायचं आहे. तो काचेजवळ गेला. काच अर्धीच खाली येत होती, तेवढी तिने खाली केली.

"मंग नाही विकत," आई म्हणाली. "ही सीट मले आत्ता कुठं भेटली. तू काढून टाकतो म्हणते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे पाहिलं. बाबा ट्रे धरून उभे होते. त्यांनी गिऱ्हाइकापुढे ट्रे केला. तो भला माणूस होता. उभ्या उभ्या चहा प्यायला, अम्मा का मन नहीं है, असं मला हळूच म्हणाला आणि मोटरसायकल काढून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आई सीटवरून उतरली नाही.

माझी रजा फुकट गेली याचा राग मला आलाच. आणि त्याच्या पाठोपाठ बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की डोळे भरून यायला लागले, म्हणून मी कप धुवायला आत निघून गेले.

रात्री भावाचा फोन. त्याने विचारायचं तेच विचारलं: ठीक आहे, नका विकू, पण चालवणार कोण? बाबांना आता मी चालवू देणार नव्हते, बांधीत गेलेली गाडी मी पाहिली होती. माझ्याकडे लायसन्स होतं. चालवायला मी याच व्हॅनवर शिकले होते, रिकाम्या शेतात, मशीन तेवढ्यापुरतं उतरवून घरात ठेवून. रविवारी मी चालवेन, असं मी म्हणून टाकलं. बाबांनी लगेच चावी आणून माझ्यापुढे ठेवली. कुरकूर करतील म्हणून मी तयारी ठेवली होती, ती वाया गेली.

त्यानंतर दारं पुन्हा उघडली. ओला भुसा टोपल्यांनी काढला, भोकं मोकळी केली, दोन दिवस ऊन दाखवलं. डावा स्पीकर बदलावा लागला. पऱ्हे बाबांनी मुळासकट सोडवून घेतले आणि शेजाऱ्याची रोवणी चालू होती तिथे बांधीच्या कोपऱ्यात लावून टाकले. ते चांगलं धान होतं, फेकायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. आईच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या. त्या आता पायपुसणी म्हणून वापरात आहेत.

पहिल्या रविवारी मी गोंदियाहून आले, गाडी पुसली, चालकाच्या जागेवर बसले. आई मुरमुऱ्यांचा डबा घेऊन माझ्या शेजारी बसली. बाबा तिच्या दारापाशी आले आणि तिथेच थबकले. पुढे आता जागा नव्हती, हे त्यांच्या लक्षात यायला एक क्षण लागला. आईने मुरमुऱ्यांचा डबा मांडीवर घेतला. ते वळले, बाजूचं सरकतं दार ओढलं आणि मागे चढले, जिथे पूर्वी कनातींचे गठ्ठे असायचे तिथे.

तिरोड्याचा रस्ता अजून खराबच होता. आईने भजन लावलं. नवीन स्पीकर खरंच छान वाजत होते, दोन्ही बाजूंनी, आपल्या अगदी जवळ कुणी गात असल्यासारखे. दोन्हीकडे हिरव्या बांध्या होत्या, पाणी चमकत होतं. मी खड्डे चुकवण्यात गुंतले होते. आरशात अधूनमधून बाबा दिसत, पुढे झुकलेले, एका हाताने सीटची दांडी धरलेले.

एक मोठा हादरा बसला आणि मागून बाबांचा आवाज आला, "मागं भजन काही समजून नाही राहिलं."

आई समोर बघत होती.

"मले मालूम आहे," ती म्हणाली, आणि हात लांबवून तिने आवाज थोडा वाढवला.